सात डबे लख्ख

शिवणयंत्र चालवता येणाऱ्या बाईला सिनेमाचं यंत्र चालवायला काय अवघड आहे? काही नाही! हे मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी जाहीर करून टाकलं होतं. तिथे दोरा, इथे फिल्म. तिथे बॉबिन, इथे रीळ. तिथे दोरा तुटला की नवऱ्याचा सदरा अडतो, इथे फिल्म तुटली की आठशे माणसं शिट्ट्या मारतात, एवढाच काय तो फरक!

आमचे हे एका थिएटरात ऑपरेटर होते. राहायला दोन खोल्या थिएटरच्याच मागे मिळाल्या होत्या. मागे म्हणजे अगदी पडद्याच्या मागे. मध्ये एक भिंत. पलीकडे नायिकेने हंबरडा फोडला की अलीकडे माझ्या फळीवरच्या वाट्या थरथरायच्या. सासूबाईंना घड्याळाची गरजच पडत नसे. "मारामारी लागली गं, दूध आणायला नीघ," असं त्या आतल्या खोलीतून सांगायच्या आणि पाच मिनिटांचाही फरक पडायचा नाही.

लोकांना वाटायचं, ऑपरेटरची बायको म्हणजे रोज फुकट सिनेमा. फुकट खरा, पण कसा ते ऐका. बाराच्या खेळाला मी यांचा जेवणाचा डबा घेऊन वर केबिनमध्ये जायची, ती बरोबर पावणेएकला. तेव्हा तिसरं रीळ चालू असायचं. हे जेवायला बसले की मी केबिनच्या भिंतीतल्या भोकातून पडद्यावर नजर ठेवायची. वर दोन यंत्रं असत. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. ठिपका दिसला की दुसरं यंत्र सुरू करायचं आणि पहिलं बंद. यांच्या हातात घास असायचा, म्हणून ते काम माझ्याकडे. मग रिकामा डबा घेऊन मी खाली. असे शेकडो सिनेमे मी पाहिले, पण प्रत्येकाचं फक्त तिसरं रीळ! माझ्या सगळ्या सिनेमांत दोघं नुकतीच भेटलेली असत आणि कुणीतरी गैरसमज करून घ्यायला लागलेलं असे. पुढे त्यांचं काय झालं ते देव जाणे.

तर तो चिमण्यांचा सिनेमा.

सिनेमा परदेशी, काळा-पांढरा, भीतीचा आणि तेव्हाच जुना झालेला. नाणावलेला, असं हे म्हणायचे. त्यात निसर्ग माणसावर उलटतो. वाघ उलटला, हत्ती उलटला तर समजण्यासारखं आहे. पण इथे चिमण्या उलटतात! एका गावातल्या झाडून सगळ्या चिमण्या एक दिवस ठरवतात की आता पुरे झालं. मग धुराड्यातून, खिडकीतून, पोस्टाच्या पेटीतून त्या येतात आणि गाव संपवतात. शेवटी एक माणूस उरत नाही. हे तरुणपणी पहिल्यांदा तो चालवून घरी आले, तेव्हा आठ दिवस खिडकी उघडू देत नव्हते.

हाच सिनेमा पुन्हा आमच्या थिएटरात लागणार होता, आणि तोही नेमका वाईट वेळी. आधीच्या आठवड्यात यंत्राने तीनदा दगा दिला होता. ऐन गाण्यात पडदा काळा! मालकांना सिनेमातलं काही कळत नसे, पण काळा पडदा कळायचा. त्यांनी यांना बोलावून घेतलं. शेजारी मालकांचे मेहुणे उभे. हे मेहुणे नुकतेच यंत्राचा सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते आणि केबिनच्या जिन्याकडे सासुरवाडीकडे बघावं तसे बघायचे.

"हे बघा," मालक म्हणाले, "शुक्रवारी बाराच्या खेळाला वितरक स्वतः येऊन बसणार आहेत. त्या खेळात पडदा एकदा जरी काळा झाला, तर मेहुणे वर आणि तुम्ही खाली. खोल्याही रिकाम्या करून द्याव्या लागतील."

"होणार नाही," हे म्हणाले. यांचा आवाज पडला की सगळं संपल्यासारखं वाटे, आणि त्या दिवशी तो पडला होता.

गुरुवारी संध्याकाळी फिल्म आली. पत्र्याचे सात गोल डबे. सहा सिनेमाचे आणि एक माहितीपटाचा, कारण त्या काळी खेळाच्या सुरुवातीला एक माहितीपट दाखवायचा नियम होता. यांनी विश्वास नको म्हणून सातही डबे आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवले. एकट्याने, एकाच खेपेत! सातवा डबा खाली ठेवला आणि हे वर आलेच नाहीत. कंबर धरली. मी आणि सासूबाईंनी त्यांना तसंच, काटकोनात, पलंगावर नेऊन ठेवलं.

"सकाळपर्यंत सरळ होईल," सासूबाई म्हणाल्या. "याच्या वडिलांचंही असंच व्हायचं."

"त्यांना किती दिवस लागायचे?"

"पंधरा."

सकाळी मी पाचला उठले. पाहते तर माझ्या घासूनपुसून ठेवलेल्या ओट्याखाली ते सात डबे! गंजलेले, तेलकट, वर कुठल्या कुठल्या गावची धूळ. माझ्या स्वयंपाकघरात मी असलं काही ठेवून घेतलेलं नाही. राख घेतली, लिंबाच्या साली घेतल्या आणि बसले. तासाभरात डबे असे लख्ख झाले की त्यांत बघून कुंकू लावावं! मग फडक्याने पुसून फळीवर उतरत्या क्रमाने मांडले, मोठे खाली, लहान वर. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "शोभून दिसतायत हं." सासूबाईंनी कौतुक केलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

नऊ वाजता यांनी उठायचा प्रयत्न केला. एक पाय जमिनीला लागला आणि तोंडातून जो आवाज आला, तो पलीकडे थिएटरात झाडणाऱ्या बाईने ऐकला.

"मेहुण्याला कळता कामा नये," हे पांढरेफटक पडून म्हणाले. "तूच जा वर. यंत्र तुला येतं. नेहमी म्हणतेस ना?"

"येतंच!" मी म्हणाले. "शिवणयंत्रासारखंच तर आहे."

"मग ऐक. डब्यांवरचे कागद फाटलेत, म्हणून मी रात्री झाकणांवर खडूने आकडे टाकलेत. एक ते सहा. माहितीपटावर शून्य. आकडा बघायचा आणि लावायचं. चुकायला वावच नाही."

मी फळीवरच्या लख्ख डब्यांकडे पाहिलं.

"कळलं ना?"

"बरं," मी म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगून टाकायचं. माणूस पलंगावर काटकोनात पडलाय, नोकरी आणि घर एका खेळावर टांगलंय, आणि त्याला सांगायचं की तुमचे आकडे मी राखेने घासले? मी नाही सांगितलं. आजही सांगितलं नसतं. पुढे तेरा वर्षांनी एका भांडणात यांच्या तोंडून निघालं की प्रत्येक रिळाच्या आरंभीच्या रिकाम्या पट्टीवरही आकडा असतो. तेव्हा सांगून काय उपयोग!

थिएटरच्या दाराशी बॅटरी घेऊन उभे राहणारे एक काका होते. सगळे त्यांना बॅटरीकाकाच म्हणत. त्यांना विश्वासात घेतलं. त्यांनी दोन खेपांत डबे वर पोहोचवले.

"वहिनी, डबे नवीन आलेत का हो?"

"नाही, तेच आहेत."

"आरशासारखे झालेत! पण आकडे कुठे—"

"काका, तुम्ही खाली जिन्यात उभे राहा. मेहुण्यांना वर येऊ द्यायचं नाही."

मी यांचा निळा कोट चढवला, केस टोपीत कोंबले आणि विचाराला लागले. घाबरून चालणार नव्हतं. सात मुलांचे सदरे एका ढिगातून वेगळे काढायचे असले तर बाई काय करते? आधी मापं बघते. दोन रिळं लहान होती, पाच मोठी. माहितीपट लहान असतो आणि सिनेमाचं शेवटचं रीळही संपेल तिथे संपतं, म्हणून लहान असतं. म्हणजे या दोघांतलं एक शून्य आणि एक सहा. कुठलं कुठलं? फिल्म दिव्यासमोर धरली. एकात पक्षी. दुसऱ्यात पक्षी. नखाएवढ्या चित्रात कोण कुठला पक्षी, कसं ओळखणार? मी मनाचा कौल घेतला आणि एक बाजूला ठेवलं, पहिलं लावायला.

राहिली पाच. ती मी चिमण्या मोजून लावली. भीती वाढत जाते म्हणजे चिमण्या वाढत जाणार, हा साधा हिशेब. खिडकीत एकच चिमणी बसलेलं रीळ पुढे, सगळं आकाश चिमण्यांनी भरलेलं रीळ मागे. यांनासुद्धा सुचलं नसतं!

बारा वाजले. मालक, मेहुणे आणि वितरक बाल्कनीत पहिल्या रांगेत. वितरकांच्या पायावर पाय, चेहऱ्यावर काही नाही. मी यंत्र सुरू केलं.

पडद्यावर एक ओसाड गाव आलं. दारं मोडलेली, रस्त्यावर सायकल आडवी, तिच्याशेजारी पोस्टमन आडवा. वारा सुटलेला. तारांवर चिमण्या शांत बसलेल्या. हा माहितीपट नव्हता. हा शेवट होता!

पण लोकांना काय त्याचं? खेळाच्या सुरुवातीला जे लागतं तो माहितीपट, हे त्यांना ठाऊक होतं. निम्मे लोक नेहमीप्रमाणे चहाला बाहेर गेले. खालून आवाज आला, "वादळाचा दिसतोय. फार नुकसान झालंय हो!" नऊ मिनिटांनी परदेशी अक्षरात 'समाप्त' आलं. ते कुणाला वाचता येत नव्हतं, पण माहितीपट संपला हे सगळ्यांना बरोबर कळलं.

आणि मला हे कळलं की आता बाजूला उरलेलं दुसरं लहान रीळ कशाचं आहे. ते मी तेव्हाच लावायला हवं होतं. पण त्यासाठी यंत्र थांबवावं लागलं असतं, आणि पडदा काळा झाला असता. दुसऱ्या यंत्रावर पुढचं रीळ चढवलेलं, दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या पेटलेल्या, ठिपका चमकलेला. मी दांडा ओढला. जे होईल ते होईल!

चिमण्या मोजण्याची माझी पद्धत बिनचूक निघाली. एक चिमणी, मग दहा, मग हजार. तिसरं रीळ तर मी ओळखलंच! ठिपक्यांच्या झग्यातली बाई खिडक्या लावत फिरत होती, गैरसमज सुरू झाला होता. माझ्या जिवात जीव आला. खाली लोकांची दातखीळ बसली होती.

भिंतीपलीकडे मात्र आमचे हे नुसत्या आवाजावर सिनेमा बघत पडले होते. हे मला नंतर सासूबाईंनी सांगितलं. सुरुवातीलाच वाऱ्याचा आवाज आला आणि यांनी डोळे उघडले.

"आई, हे सहावं आहे!"

"काय सहावं?"

"तिने शेवट आधी लावला! मला उठव!"

"उठवते, पण तू उठशील का?"

अर्धा तास धडपडूनही उठता येईना. मग यांनी सासूबाईंची काठी घेतली आणि भिंतीवर हाणायला सुरुवात केली. ही भिंत म्हणजे पडद्याची मागची बाजू. नेमकं तेव्हा पडद्यावर ठिपक्यांच्या झग्यातली बाई दाराला पाठ लावून उभी होती आणि दारापलीकडे चिमण्या. धाड! धाड! धाड! आवाज पडद्याच्या आतून आला. बाल्कनीतल्या तीन बायका एकमेकींच्या मांडीवर जाऊन बसल्या. वितरकांचा पायावरचा पाय खाली आला.

"आवाज फार खोल बसवलाय," ते मालकांना म्हणाले. "दुसऱ्या थिएटरात असा येत नाही."

"आमची भिंत चांगली आहे," मालक म्हणाले.

एवढ्यात मेहुण्यांना काहीतरी वास आला असावा. ते जिन्याशी आले.

"काका, सरका. रिळांचा क्रम चुकलाय असं वाटतंय मला."

"वर कार्बन भडकलाय साहेब. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर डोळे जातील."

"मग ऑपरेटर कसा बघतो?"

"त्याचे गेलेत," बॅटरीकाका म्हणाले.

मेहुणे परत गेले.

तिकडे पाचव्या रिळाचं काम झालं. पोस्टमन पडला, गाव पडलं. लोक सुन्न. आणि तेव्हा लागलं माझं चिमण्यांनी भरलेल्या आकाशाचं रीळ. आकाशावर नावं यायला लागली. नटांची, नट्यांची, कोणाकोणाची. ते पहिलं रीळ होतं! सिनेमाची सुरुवातच होती ती. आता लोकांनी खुर्च्या फोडल्या तर मेहुण्यांना वर यायला जिनाही लागणार नव्हता. लोकही उठायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आधी सगळे मारले आणि मग नावं सांगतायत!"

नावं संपली. छान ऊन पडलेला रस्ता आला. आणि त्या रस्त्यावरून, शीळ घालत, सायकलवरून पोस्टमन आला!

उठलेले लोक खाली बसले.

"वाचला!"

"अहो, मेला होता ना?"

"बेशुद्ध असेल!"

मग ठिपक्यांच्या झग्यातली बाई आली. हसतमुख. एकेक करून सगळं मेलेलं गाव आलं. बाईने हात पुढे केला आणि एक चिमणी तिच्या तळहातावर बसून दाणे टिपायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मागे एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, "शेवटी समजूत पटली पाखरांची."

इथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण रिकामं यंत्र म्हणजे काळा पडदा, अशी माझी ठाम समजूत! आणि एक रीळ बाकी होतं. ठिपका चमकला. मी दांडा ओढला.

पडद्यावर कोंबड्या आल्या. दोन-तीन हजार! त्या माहितीपटाच्या नावाची पाटी कुठल्यातरी आधीच्या थिएटरात तुटून गेली होती, त्यामुळे सरळ कोंबड्याच. जाळीआड दाटीवाटीने उभ्या, माना वाकड्या करून प्रेक्षकांकडे बघणाऱ्या. थिएटरात श्वास थांबले. चिमण्यांनी एवढं केलं, तर या काय करतील? जाळीचं दार उघडलं आणि पांढरा कोट घातलेला एक माणूस एकटाच आत शिरला.

"अहो, जाऊ नका!" खालून एक बाई ओरडली.

"पोरंबाळं असतील त्याला!"

तो माणूस कॅमेऱ्याकडे वळला आणि चक्क आपल्या भाषेत बोलला.

"नमस्कार. कोंबडीला घाबरण्याचे काहीच कारण नाही."

थिएटर दणाणलं! पावणेदोन तास परदेशी ऐकलेल्या लोकांना एकदम आपली भाषा! "तिला दोन्ही हातांनी अलगद पण घट्ट धरावे," असं म्हणत त्याने एक कोंबडी उचलली, काखेत मारली, पंख उघडून दाखवला, बंद केला आणि खाली ठेवली. ती निमूट चालायला लागली. लोक बाकांवर उभे राहिले. शिट्ट्या! रुमाल! "धरा, दुसरी धरा!" त्याने दुसरी धरली. अंडी गोळा केली. शेवटी भरलेली टोपली कॅमेऱ्यापुढे धरून तो म्हणाला, "योग्य निगा राखल्यास पक्षी हा माणसाचा मित्रच आहे." दिवे लागले. पडदा एकदाही काळा झाला नव्हता.

मी कोट काढून मागच्या दाराने घर गाठलं. हे काठी छातीवर ठेवून छताकडे बघत होते.

"कोंबड्या," एवढंच म्हणाले.

"अहो, मी सांगते—"

"शेवटी कोंबड्या."

तेवढ्यात दारात मालक, मागे वितरक, त्यांच्या मागे पडलेल्या चेहऱ्याचे मेहुणे. मी पदर सारखा केला. आटोपलं, असं समजून सासूबाईंनी भांडी आवरायलाही घेतली.

"ऑपरेटर, तुम्ही वरून इतक्या लवकर येऊन झोपलात?" मालक म्हणाले.

"कंबर..." हे म्हणाले.

"धरणारच! काय चालवलात!" वितरक पुढे झाले. "बाकी गावांत लोक मेल्यासारखे बाहेर पडतात. इथे हसत बाहेर पडले आणि पुन्हा तिकिटाच्या रांगेत लागले! शेवट पुढे घ्यायची कल्पना कुणाची?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फळीवर डब्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आयुष्यभर एक ठिपका न चुकवलेला माणूस होता तो.

"असं मी मरेपर्यंत—" यांनी सुरुवात केली.

"मरेपर्यंत असंच लावीन म्हणतोय," सासूबाई पातेलं आपटत म्हणाल्या. "लाजतो कौतुकाला."

झालं! नोकरी राहिली, खोल्या राहिल्या. यांची कंबर सुधारायच्या आधी मेहुण्यांनी मध्ये एक खेळ चालवून पाहिला. कोर्स केलेला माणूस! त्यांनी सगळी रिळं बरोबर क्रमाने लावली. लोकांनी "कोंबड्या! कोंबड्या!" करून चौदा खुर्च्या मोडल्या. पुढे त्यांनी कापडाचं दुकान काढलं.

यांना मात्र तो सिनेमा सात आठवडे, रोज तीन खेळ, तसाच उलटा चालवावा लागला. यांनी डब्यांवर खिळ्याने आकडे कोरले, माझ्या क्रमाने, दात-ओठ खात. पहिले नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दहाव्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "तिसरं तेवढं बरोबर लागलं होतं." यापेक्षा मोठं कौतुक यांच्याकडून मला पुढे मिळालं नाही.

यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. थिएटरच्या जागी गाड्या उभ्या करतात. परवा नात आली, टीव्हीला काहीतरी जोडलं आणि म्हणाली, "आजी, एक जुना क्लासिक लावते. चिमण्या माणसांवर उलटतात. तू घाबरणार नाहीस ना?"

"मी? अगं, तो मी चालवलाय!"

तिने लावला. आकाशभर चिमण्या आणि त्यावर नावं आली तेव्हाच मी तिला सांगणार होते की, बाई, तुझ्या त्या यंत्रात कुणीतरी रिळं उलटी भरलीत. पण म्हटलं, पोरीचा उत्साह कशाला मोडा. पोस्टमन गेला, गाव गेलं. शेवटी ओसाड रस्ता, आडवी सायकल, वारा, तारांवर चिमण्या. परदेशी 'समाप्त'. नात माझा हात गच्च धरून बसली होती. मग तिने दिवा लावला. मी हललेच नाही.

"आजी, ऊठ ना. संपला सिनेमा."

"थांब गं," मी म्हणाले. "अजून कोंबड्या यायच्यात."